मदत हवी आहे: नायट्रेटचं ऑटोमेशन आणि बोअरचं जड पाणी

नमस्कार मंडळी. आमच्या पाणी तपासणी लॅबमध्ये डिस्क्रीट अ‍ॅनालायझर (नमुन्यात रसायनं मिसळून रंग मोजणारं स्वयंचलित मशीन) आलाय. नायट्रेटची पद्धत हायड्रॅझिन रिडक्शनची आहे (हायड्रॅझिनने नायट्रेटचं नायट्राइट करायचं, मग त्याचा रंग मोजायचा) आणि त्याचं व्हॅलिडेशन, म्हणजे पद्धत बरोबर चालते हे दाखवून देणं, माझ्या गळ्यात पडलंय.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. मशीन निकाल नायट्रोजन म्हणून देतं, आमचं रजिस्टर नायट्रेट म्हणून. 4.43 ने गुणायचं लक्षात आलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

खरी अडचण पुढेच आहे. कालव्याच्या पाण्यात स्पाइक रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या नायट्रेटपैकी किती मोजलं जातं ते) 97-98 टक्के येते. बोअरच्या पाण्यात, हार्डनेस 600 च्या वर असलेल्या, ती 80-82 वर अडकते. तेच नमुने पाचपट पातळ केले की 95 च्या पुढे जाते. माझा संशय असा, की रिडक्शन अल्कलीत होतं, तिथे मॅग्नेशियमचा साका बसत असणार. नायट्राइटचं स्टँडर्ड (ठाऊक प्रमाणाचं द्रावण) मात्र बरोबर येतं, म्हणजे रंगाच्या पायरीत दोष नसावा.

तुलनेला आमच्याकडे फक्त 220 आणि 275 नॅनोमीटरची यूव्ही पद्धत (पाणी किती अतिनील प्रकाश शोषतं त्यावरून नायट्रेट काढणारी) आहे. सेंद्रिय पदार्थ असले की तीही फसते, मग प्रमाण कुणाला मानायचं?

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500, त्यात नायट्रेटची मर्यादा 45 मिग्रॅ/लिटर. आमचे बरेच बोअर 40 ते 50 मध्ये घुटमळतात, त्यामुळे 18 टक्क्यांची तूट म्हणजे नापास पाणी पास!

जड पाण्यासाठी सरसकट डायल्यूशन लावून व्हॅलिडेशन आयएसओ 17025 (लॅबच्या कामाचं मानक) च्या ऑडिटमध्ये चालतं का? की व्हॅनेडियम रिडक्शनवर (हायड्रॅझिनऐवजी व्हॅनेडियम वापरणाऱ्या पद्धतीवर) जावं? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.