ज्यांच्यावर हल्ला झाला, त्याच खासदारांनी चौकशी करावी का? (निमित्त : ६ जानेवारी)

नदीकाठ (उत्तर व्हर्जिनिया)

मागच्या रविवारी मंडळाच्या चहापोह्यांना एका काकांनी बॉम्ब टाकला. "ज्यांच्यावर हल्ला झाला तेच चौकशी अधिकारी? उद्या आमच्या सोसायटीत चोरी झाली तर फौजदार मीच का?" सगळे हसले, मीही हसलो. उत्तर सुचलं ते घरी येऊन भांडी घासताना. म्हणून हा धागा.

ज्यांना तपशील आठवत नसेल त्यांच्यासाठी : ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये (अमेरिकेचं संसद भवन) अध्यक्षपदाच्या निवडणुकीची इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्याराज्यांतल्या निर्वाचकांची मतं, मोजायची होती. बायडन ३०६, ट्रम्प २३२. ट्रम्प यांच्या सभेतून निघालेला जमाव आत घुसला, मोजणी थांबली. सुमारे १४० पोलीस जखमी झाले, जमावातली एक महिला पोलिसाच्या गोळीने गेली. मोजणी पूर्ण व्हायला दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडली.

मे महिन्यात ९/११ आयोगाच्या धर्तीवर स्वतंत्र आयोगाचं विधेयक आलं. दहा सदस्य, पाच तुमचे पाच आमचे, आणि पदावरचा एकही खासदार नाही. हाउसमध्ये (कनिष्ठ सभागृह) २५२ विरुद्ध १७५ ने पास झालं, ट्रम्प यांच्याच पक्षाच्या ३५ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं. सिनेटमध्ये (वरिष्ठ सभागृह) ५४ विरुद्ध ३५. पण तिथे चर्चा पुढे न्यायला ६० लागतात, त्यामुळे मेलं. मग हाउसने चौकशीसाठी स्वतःच्याच खासदारांची खास समिती नेमली आणि रामायण तिथून सुरू झालं.

माझं मत : करावीच. कोर्ट आरोपीने काय केलं ते विचारतं. कायद्याला भोक कुठे होतं, हे विचारणं कोर्टाचं काम नाही. मोजणीचा कायदा १८८७ चा. दोन्ही सभागृहांतला एकेक जण उठून उभा राहिला की एखाद्या राज्याच्या मतांवर हरकत दाखल. उपाध्यक्षाला मतं बाजूला ठेवता येतात की नाही, यावर कीस पाडायला जागा. डिसेंबर २०२२ मध्ये तो बदलला. आता हरकतीला प्रत्येक सभागृहातले एक पंचमांश सदस्य लागतात आणि उपाध्यक्षाचं काम निव्वळ औपचारिक, असं स्पष्ट लिहिलंय. हे भोक बुजवणं कायदेमंडळाशिवाय कोण करणार?

२०२१ च्या फेब्रुवारीत कामासाठी तिकडे गेलो होतो. कॅपिटलभोवती पुरुषभर उंच जाळी, वर काटेरी तारांची भेंडोळी, आत नॅशनल गार्डची पोरं. ज्या हिरवळीवर भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा फोटो काढलाय, ती जाळीच्या आत. हे झालं कसं, ते शपथेवर विचारायला नको?

सोलापुरी_चटणी

लेख छान, निष्कर्ष अमान्य.

लोकप्रतिनिधींना स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश केलं की काय होतं, त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. मार्च २००८. आपल्या विधानसभेने राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना हक्कभंगासाठी दोन दिवस तुरुंगात धाडलं. घटनात्मक पदावरचा माणूस! फिर्यादी सभागृह, तपास सभागृहाच्या समितीचा, शिक्षाही सभागृहाचीच. काकांचा फौजदार तो हाच.

नदीकाठ

नंदलाल प्रकरण चपखल आणलंत, पण ते माझ्याच बाजूने जातं. या समितीला कुणालाही आत टाकता येत नव्हतं. ट्रम्प यांचे जुने सल्लागार बॅनन समन्स देऊनही आले नाहीत, तर हाउसने ठराव करून प्रकरण न्याय खात्याकडे पाठवलं. खटला ज्युरीपुढे चालला आणि चार महिन्यांची कैद न्यायाधीशाने सुनावली. उलट ट्रम्प यांच्या कार्यालयातले मेडोज आणि स्कॅव्हिनो यांचीही नावं पाठवली होती, त्यांच्यावर खटला भरायला खात्याने नकार दिला. म्हणजे मध्ये चाळणी होती. आपल्या विधानसभेत ती नव्हती.

उलटतपासणी (नागपूर)

चोवीस वर्षं वकिली करतोय, म्हणून मला यातली एकच गोष्ट टोचते आणि ती आमच्या नावातच आहे.

हजाराहून जास्त साक्षीदार तपासले म्हणे. त्यांतल्या एकालाही अडचणीचा प्रश्न विचारणारा माणूस टेबलापलीकडे होता का? नऊ सदस्यांत सात डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन, आणि ते दोघेही (चेनी आणि किन्झिंगर) ट्रम्पविरोधी. सुनावण्या नीट बसवायला एका मोठ्या वृत्तवाहिनीचा माजी प्रमुख आणलेला. रात्री टीव्हीच्या ऐन वेळेला पहिला भाग, शेवटी पुढच्या भागाची झलक. ही चौकशी की मालिका?

नमुना बघा. २८ जून २०२२, ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसमधल्या माजी कर्मचारी कॅसिडी हचिन्सन यांची साक्ष. ट्रम्प यांनी गाडीच्या स्टिअरिंगवर झडप घातली, असं आपल्याला सांगण्यात आलं, असं त्या म्हणाल्या. "सांगण्यात आलं." ऐकीव पुरावा! आमच्या जिल्हा कोर्टात नवशिका वकीलसुद्धा इथे उठून उभा राहिला असता. जगभर मथळे झाले ते मात्र स्टिअरिंगचे. गाडी चालवणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या (अध्यक्षांचं सुरक्षा दल) माणसाने समितीलाच दिलेल्या जबानीत, ट्रम्प यांनी स्टिअरिंगकडे हात नेल्याचं आपण पाहिलं नाही, असं सांगितलं होतं. ते लोकांपुढे आलं २०२४ मध्ये. तोवर कुठे होतं?

हचिन्सन खोटं बोलल्या असं मी म्हणत नाही. पलीकडे कुणी हवं होतं, एवढंच म्हणतो.

तळ्यात_मळ्यात

वकीलसाहेब, पलीकडची खुर्ची रिकामी कुणी केली तेही लिहा की. रिपब्लिकन नेते मॅकार्थी यांनी पाच नावं दिली. हाउसच्या डेमोक्रॅट सभापती पेलोसींनी दोन नाकारली, बँक्स आणि जॉर्डन. त्यावर मॅकार्थींनी पाचही काढून घेतली. तीन तर मान्य होते! वऱ्हाडाने मांडवातून उठून जायचं आणि मग जेवण एकतर्फी वाढलं म्हणून ओरडायचं.

आणि त्याआधी पाच-पाचचा आयोग ताटात होता, तोही लाथाडलाच. समन्स काढायलाही दोन्ही बाजूंची संमती लागणार होती त्यात.

उलटतपासणी (नागपूर)

मान्य, आयोग मारणं हे पाप. पण दुसऱ्या बाजूचा वकील कोण असावा हे फिर्यादीने ठरवलं, हेही विसरू नका. दोन नावं नाकारण्याचा पायंडा पडला तो पडलाच. उद्या दुसरा सभापती पाचही नाकारेल.

जर्सीकर

इथे सगळे डेमोक्रॅट जमलेत वाटतं, म्हणून एक वेगळा सूर.

पोर्टलंडच्या फेडरल कोर्टापुढे २०२० च्या उन्हाळ्यात रात्रीमागून रात्री धुमश्चक्री चालली होती. तीही सरकारी इमारत. तेव्हा टीव्हीच्या ऐन वेळेला सुनावण्या कुणी घेतल्या? आपला तो बाब्या. ६ तारखेच्या गर्दीत एफबीआयचे खबरे होते की नाही, हे विचारलं तर आम्ही वेडे. न्याय खात्याच्याच महानिरीक्षकाने डिसेंबर २०२४ मध्ये आकडा दिला : २६. माझ्या ट्रम्पभक्त शेजाऱ्याला मी काय उत्तर देऊ?

तळ्यात_मळ्यात

त्याच अहवालातलं पुढचं वाक्य द्या. २६ पैकी तिघांनाच त्या दिवशी तिथे जायला सांगितलं होतं, बाकीचे आपणहून गेले. आत घुसायची किंवा कुणाला चिथवायची परवानगी एकालाही नव्हती.

पोर्टलंडची चौकशी करा ना, कोण नको म्हणतंय? पण तिथे सत्तांतर रोखायचा प्रयत्न नव्हता.

जर्सीकर

शेजाऱ्याला पाठवलं. त्याने हसणारा चेहरा पाठवला.

जुनी_पोथी

अवांतर म्हणा हवं तर, पण अमेरिकेत हे पहिल्यांदा होत नाहीये, आणि जुनी प्रकरणं जास्त मजेशीर आहेत.

ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउन या गुलामगिरीच्या कट्टर विरोधकाने हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. सिनेटने पाच जणांची चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोण? व्हर्जिनियाचे मेसन, म्हणजे पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा १८५० चा कायदा लिहिणारे. सदस्यांत जेफरसन डेव्हिस! दोन वर्षांच्या आत हेच गृहस्थ त्याच सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या बंडखोर राज्यांचे अध्यक्ष झाले. सरकारवरच्या हल्ल्याची चौकशी करायला याहून नामी माणूस मिळाला नसता. हायट नावाच्या एका साक्षीदाराने बोलायला नकार दिला, तर सिनेटने त्याला सरळ तुरुंगात ठेवलं. तो तिथे सुमारे तीन महिने होता. (सोलापुरी_चटणी, तुमचे नंदलाल!)

आता गंमत बघा. इतकी पूर्वग्रहाने भरलेली समिती, पण उत्तरेतले बडे रिपब्लिकन नेते (तेव्हा हा गुलामगिरीविरोधी पक्ष) या कटात होते, हे काही तिला दाखवता आलं नाही. साक्षी कागदावर आल्या की त्या समितीचंही ऐकत नाहीत.

दुसरं प्रकरण जास्त गंभीर. १८७१ मध्ये क्लू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेच्या हिंसाचारावर दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती बसली. दक्षिणेत यादवीनंतर आलेली सरकारं उलथायची म्हणून काळ्या मतदारांना रात्री घरातून ओढून मारत होते. समितीचा काही भाग दक्षिण कॅरोलिनासारख्या राज्यांत जाऊन बसला. नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या बायाबापड्यांनी समोर येऊन सांगितलं, कोण आलं होतं, कुणी फटके मारले, मुखवट्यामागचा आवाज कुणाचा. तेरा खंड झाले. डेमोक्रॅटांनी (तेव्हा दक्षिणेतल्या गोऱ्यांचा पक्ष) भिन्नमताचा अहवाल दिला आणि त्यात बळींनाच दोषी धरलं. पुढच्या काही वर्षांत दक्षिणेतली ती सरकारं पडली, म्हणजे तात्कालिक फायदा फारसा नाही. पण आज त्या काळावर लिहिणारा प्रत्येक इतिहासकार त्या तेरा खंडांपाशी जातो. भिन्नमताच्या अहवालाला कोण विचारतंय?

सोलापुरी_चटणी

जबरदस्त प्रतिसाद. जेफरसन डेव्हिसचं माहीत नव्हतं. पण तुमच्याच उदाहरणातून निघतं की असल्या समित्या तेव्हा निरुपयोगी आणि दीडशे वर्षांनी उपयोगी. ज्याला फटके बसले त्याने काय दीडशे वर्षं थांबायचं?

गल्लीतला

"न्यायाधीशाचा आयोग नेमा" म्हणणाऱ्यांसाठी आपल्याकडची आठवण. मुंबईच्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला. जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला. अहवाल आला १९९८ ला आणि त्याच सरकारने तो फेटाळला. न्यायमूर्ती निःपक्ष होते. पण नेमणारं, थांबवणारं आणि नाकारणारं सरकारच.

आणि दिल्लीत? १३ डिसेंबर २०२३ ला दोन जण प्रेक्षक सज्जातून लोकसभेत उडी मारून धूर सोडतात. गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून खासदार ओरडले. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित! चौकशी गृहखात्याने नेमलेल्या समितीकडे. म्हणजे एक टोक असं की खासदारच सगळं करणार, दुसरं टोक असं की खासदारांनी विचारायचंही नाही. मला पहिलं टोक परवडतं.

उलटतपासणी (नागपूर)

१४६ चा मुद्दा बिनतोड आहे. बाकी माझं म्हणणं कायम.

सोसायटीवाले_काका

नमस्कार. तो मीच. माझ्या पोह्यांवर धागा निघालाय असं मुलीने सांगितलं.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत खरंच चोरी झाली होती. पोलीस आले, पंचनामा झाला, चोर काही सापडला नाही. मग सर्वसाधारण सभेत विषय निघाला की मागचं फाटक उघडं का होतं. तीन तास भांडण. निघालं असं की किल्ली सेक्रेटरींच्या मेव्हण्याकडे होती. सेक्रेटरींनी राजीनामा दिला नाही, उलट विचारणाऱ्यालाच मेंटेनन्स थकल्याची नोटीस पाठवली. विचारणारा मी.

तेव्हा नदीकाठराव, प्रश्न मी उगाच टाकला नव्हता. विचारणाऱ्याचं पुढे काय झालं ते लिहा.

नदीकाठ

काका, दंडवत.

विचारणाऱ्यांचं काय झालं : चेनी २०२२ च्या ऑगस्टमध्ये वायोमिंगमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत सपाटून हरल्या. किन्झिंगर उभेच राहिले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये हाउसच्याच एका उपसमितीने, अध्यक्ष रिपब्लिकन लाउडरमिल्क, चेनी यांचीच एफबीआयकडून चौकशी व्हावी असं सुचवलं. २० जानेवारी २०२५ ला बायडन यांनी जाता जाता समितीच्या सदस्यांना आगाऊ माफी दिली. चौकशी करणाऱ्यांना माफी! त्याच संध्याकाळी ट्रम्प यांनी ६ जानेवारीच्या सुमारे दीड हजार आरोपींना माफी दिली, चौदा जणांची शिक्षा कमी केली. मेंटेनन्सची नोटीस परवडली.

वकीलसाहेबांचा एक मुद्दा मला आता पटलाय. मॅकार्थींची पाचही माणसं बसू द्यायला हवी होती, जॉर्डनसकट. दोन तास आरडाओरडा झाला असता, पण साक्षी टिकल्या असत्या. तरीही "समिती नको" इथपर्यंत मी येत नाही. ट्रम्प यांचं भाषण संपल्यापासून त्यांनी जमावाला घरी जा सांगेपर्यंत १८७ मिनिटं गेली. त्या वेळात त्यांना कोण कोण विनवत होतं, हे त्यांच्याच नोकरांनी आणि वकिलांनी शपथेवर सांगितलंय, आणि ते सांगणारे बहुतेक रिपब्लिकनच. माफीने खटले पुसले, हे पुसता येत नाही.

एक राहिलं. मार्च २०२२ मध्ये काँग्रेसने कायदा केला की त्या दिवशी लढलेल्या पोलिसांच्या सन्मानाची पाटी कॅपिटलच्या पश्चिम बाजूला वर्षभरात लावावी. वर्ष उलटलं, पाटी लागली नाही. जून २०२५ मध्ये दोन पोलिसांना त्यासाठी कोर्टात जावं लागलं. त्यांतला एक डॅनियल हॉजेस, दारात चेंगरलेला तो.

उलटतपासणी (नागपूर)

हॉजेसची २७ जुलै २०२१ ची साक्ष काल रात्री पूर्ण ऐकली. दारात अडकला होता, एकाने त्याचीच काठी हिसकावून त्याला मारलं, ते सगळं एका सुरात सांगतो. या साक्षीदाराला मी काही विचारलं नसतं.

बाकीच्यांना विचारलं असतं.