कास पठाराचे व्यवस्थापन चांगले चालले आहे, हे कशावरून ठरवायचे?

अजिंक्यतारा (धागाकर्ता)

जुलै २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत महाराष्ट्रातील चार ठिकाणे आहेत: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. साताऱ्याला याचा अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. मात्र तेव्हापासून दर हंगामात कासविषयी जी चर्चा होते ती तिकीट, वाहनतळ, बसगाड्या आणि शनिवार-रविवारची गर्दी यांच्यापुरतीच. गर्दी आटोक्यात राहिली की व्यवस्थापन चांगले झाले, असे आपण मानून मोकळे होतो.

माझा आक्षेप इथेच आहे. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट उघड्या खडकाच्या माथ्यावर, मातीचा थर अगदी पातळ असतो. खडकातल्या उथळ खळग्यांत पावसाचे बोटभर पाणी साचते आणि त्या ओलीवर सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू यांसारख्या इवल्या वनस्पती उगवतात. छायाचित्रासाठी पाऊलवाट सोडून दहा माणसे अशा खळग्यावर उभी राहिली, तर माती दबते, पाण्याची वाट बदलते आणि पुढच्या वर्षी तिथे काय उगवेल हे कोणी सांगू शकत नाही. हे नुकसान तिकिटांच्या हिशेबात कुठेही दिसत नाही.

आपल्या देशात राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि व्याघ्र प्रकल्पांसाठी २००६ पासून ‘व्यवस्थापन परिणामकारकता मूल्यमापन’, म्हणजे ते क्षेत्र किती चांगले सांभाळले जाते याची गुण देऊन तपासणी, केले जाते. कास हे अभयारण्यही नाही आणि राष्ट्रीय उद्यानही नाही, ते राखीव वन आहे. त्यामुळे जिथे हंगामात इतकी पावले पडतात तीच जागा या मूल्यमापनाच्या चौकटीबाहेर राहते. युनेस्कोला दर सहा वर्षांनी जो नियतकालिक अहवाल जातो, त्यातील उत्तरे मुख्यतः व्यवस्थापन करणाऱ्यांनीच दिलेली असतात. कासचे मूल्यमापन बाहेरच्या तज्ज्ञांनी करावे आणि ते फक्त वनस्पतींच्या स्थितीवरून करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जावळीकर

आपल्या मतातील ‘फक्त’ या शब्दाशी मी सहमत नाही. हे पठार यादीत जाण्याआधी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या गावांच्या गुराढोरांचे चराऊ रान होते. नंतर जाळीचे कुंपण आले आणि चराई थांबली. गवत उंच वाढू लागले, त्याखाली लहान फुलझाडे दबू लागली, असे गावचे जुने लोक तेव्हापासून सांगत होते. त्यांचे म्हणणे फारसे कोणी लिहून घेतले नाही. पुढे ते कुंपण काढावे लागले. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी दोन दिवसांत पाहणी केली असती, तर जाळी पाहून त्यांनी संरक्षणाला चांगलेच गुण दिले असते.

दुसरे म्हणजे तिकिटाला इतके कमी लेखू नका. परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या त्याच पैशातून हंगामात राखणदार आणि वाटाडे नेमतात, कचरा उचलतात आणि पाऊलवाट सोडणाऱ्यांना हटकतात. ज्या तरुणाला हंगामात तिथे काम मिळते, त्याच्या घरची जमीन विकली जाण्याची शक्यता कमी होते. हा परिणाम वनस्पतींच्या नोंदवहीत येणार नाही, म्हणून तो मोजायचाच नाही काय?

वारणाकाठ

मी शिराळा भागातला आहे. चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे हे मूल्यमापन आमच्याकडे दर चार वर्षांनी होते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या चौकटीनुसार परिस्थिती, नियोजन, साधनसामग्री, कार्यपद्धती, प्रत्यक्ष झालेली कामे आणि अंतिम परिणाम अशा सहा अंगांनी प्रश्न असतात.

अजिंक्यतारा यांची ‘फक्त परिणाम पाहा’ ही कसोटी आमच्याकडे लावली असती, तर अन्याय झाला असता. प्रकल्प झाल्यानंतर कितीतरी वर्षे वाघाचे छायाचित्र मिळाले नाही, ते २०१८ मध्ये मिळाले. मधल्या काळात पुनर्वसनाने मोकळ्या झालेल्या गावठाणांत गवत धरत होते, गवा आणि सांबर यांना चारा मिळत होता, वनरक्षक आपापल्या नियतक्षेत्रात पायी गस्त घालत होते. हे काम वाघ दिसण्याच्या कितीतरी आधीचे आहे आणि त्याची किंमत त्याच वेळी व्हायला हवी होती.

तरीही गुणांवर माझा पूर्ण विश्वास नाही. प्रत्येक मुद्द्याला अडीच, पाच, साडेसात किंवा दहा गुण देऊन टक्केवारी काढली जाते. रात्रीत गव्यांनी ऊस तुडवला, पंचनामा झाला, भरपाईसाठी हेलपाटे घातले, हे सगळे त्या टक्केवारीत विरघळून जाते. अहवालात उणिवांची जी लेखी यादी असते ती मला अधिक मोलाची वाटते, कारण रिक्त पदांचा प्रश्न मांडताना तीच पुढे ठेवता येते.

अजिंक्यतारा

वारणाकाठ यांचा वाघाचा दाखला कासला लागू होत नाही. वाघ शेकडो किलोमीटर फिरतो आणि त्याच्या येण्या-न येण्याला प्रकल्पाबाहेरचीही कारणे असतात. सड्यावरची वनस्पती जागच्या जागी असते. पठारावर कायमचे चौरस आखून त्यांत दर पावसाळ्यात कोणती रोपे किती आहेत याची नोंद ठेवली, तर व्यवस्थापनाचा परिणाम थेट दिसू शकतो. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तिचा एक बहरही चार वर्षांच्या फेरीतून निसटू शकतो, म्हणून नोंद सलग हवी. ‘सातारेन्सिस’ हे शास्त्रीय नाव मिरवणारा वायतुरा इथल्या सड्यांवरच्या पाण्यात वाढतो. त्याची सलग नोंद आपण ठेवणार नसू, तर कोण ठेवणार?

जावळीकरांचा चराईचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचा निकालही याच पद्धतीने लागेल. काही चौरसांत मर्यादित चराई होऊ द्यावी, शेजारच्या चौरसांत ती बंद ठेवावी आणि काही वर्षे दोन्हींची तुलना करावी.

जावळीकर

चौरसांना माझा विरोध नाही. मात्र मोजणी करणाऱ्यांत आमच्या गावांतील वाटाडे असले पाहिजेत. पहिल्या पावसापासून शेवटच्या फुलापर्यंत ते तिथे रोज असतात आणि अनेक रोपे त्यांना पानावरूनही ओळखता येतात. नोंदवही मराठीत असावी आणि दरवर्षी ग्रामसभेत वाचली जावी.

माझा मूळ आक्षेप मात्र कायम आहे. आपले चौरस वनहद्दीच्या आत असतील. यवतेश्वरपासून कासपर्यंतच्या रस्त्याला लागून जी बांधकामे झाली, त्यांचा प्रकाश, सांडपाणी आणि रहदारी हद्दीचा दगड पाहून थांबत नाही, आणि ती जमीन वनविभागाच्या ताब्यात नाही. उद्या एखाद्या चौरसातील रोपे कमी झाली, तर त्याचा जाब तुम्ही वनविभागाला विचाराल, समितीला विचाराल, आमच्या गुरांकडेही बोट दाखवाल. बांधकामाला परवानगी देणाऱ्याला आणि विनापरवाना बांधकामाकडे डोळेझाक करणाऱ्याला कोणत्या रकान्यात धरणार, ते आधी सांगा.