टेक्सास चिलीत राजमा घालणाऱ्यांनो, जरा इकडे या

ह्यूस्टनचा_खादाड:
स्पष्टच बोलतो. टेक्सासची चिली म्हणजे मिरचीच्या वाटणात शिजवलेला मांसाचा घट्ट रस्सा: बीफचे तुकडे, भिजवून वाटलेली सुकी आंचो मिरची, जिरं, लसूण, ओरेगॅनो. संपलं. घट्ट करायला फार तर मक्याचं पीठ. 1977 पासून ही टेक्सासची अधिकृत स्टेट डिश आहे, आणि टेक्सासमधल्या टर्लिंग्वा गावात 1967 पासून चिलीची स्पर्धा भरते तिथे बीन्स, पास्ता, भात यांना बंदी आहे. आणि आपली मंडळी कॅनमधला राजमा ओततात, वर कोथिंबीर भुरभुरतात आणि म्हणे टेक्सन चिली!

ओहायोची_वहिनी:
मग आमच्या सिनसिनाटी शहरातल्या चिलीचं काय करायचं? 1922 मध्ये मॅसेडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी सुरू केलेला प्रकार, दालचिनी-लवंग घातलेला पातळसर खिमा, खाली स्पॅगेटी, वर चीजचा डोंगर. हा थ्री-वे. कांदा किंवा बीन्स घेतले की फोर-वे, दोन्ही घेतले तर फाइव्ह-वे. शंभर वर्षं लोक रांगा लावून खातायत.

ह्यूस्टनचा_खादाड:
छान लागत असेल वहिनी, पण तो स्पॅगेटीवरचा रस्सा झाला.

तिखटजाळ:
खादाडभाऊ, तुमचं हे सोवळं नक्की कधीपासूनचं? टेक्सासमधल्याच सॅन अँटोनियोच्या चौकात 1880 च्या सुमारास मेक्सिकन वंशाच्या बायका, चिली क्वीन्स म्हणायचे त्यांना, संध्याकाळी टेबलं मांडून चिली विकायच्या आणि बीन्स तिथेच शेजारी वाढलेले असायचे, खाणाऱ्याने कालवले तर कोण अडवत होतं? 1930 च्या दशकात आरोग्य खात्याने त्यांना उठवलं. तयार चिली पावडर बाजारात आणली ती न्यू ब्राउनफेल्सच्या गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने. म्हणजे पदार्थ त्या बायकांचा, पावडर जर्मनाची आणि नियम लिहिणारे तिसरेच. त्यात टर्लिंग्वावाल्यांचं आपसातच फाटलं, आता तिथे दोन वेगळ्या स्पर्धा भरतात!

ह्यूस्टनचा_खादाड:
बाजूला वाढणं वेगळं, पातेल्यात शिजवणं वेगळं. बीन्सचा स्टार्च सुटला की मिरचीची चव दबते, हे करून बघा मग बोला.

शुद्ध_शाकाहारी:
आम्ही बीफ खात नाही, मग राजमा नाही तर काय दगड घालू? आणि मिरच्या भिजवून वाटते हो मी, डबीतली पावडर नाही टाकत. तुमच्या स्पर्धेतले बहुतेक जण पावडरच टाकतात.

नवखा_डॅलस:
मधेच विचारतो, आंचो नसेल तर ब्याडगी चालेल का?

शुद्ध_शाकाहारी:
रंग मस्त येईल, पण आंचोला मनुकांसारखा गोडसरपणा असतो तो नाही येणार. मेक्सिकन दुकानात मिळते, हाताला मऊ लागेल ती घ्या, कडकडीत झालेली जुनी असते.