मोबाईलला जोडायचा बारकोड स्कॅनर: घ्यावा की कॅमेऱ्यावरच भागवावं?

आमसूल (धागाकर्ता)
मालवण-कुडाळ रस्त्याला आमचं दुकान आहे. अर्धा किराणा, अर्धा घरचा माल: कोकम आगळ, आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ. गेल्या वर्षापासून बिलं मोबाईलवरच्या ॲपमध्ये करतो आणि कोड कॅमेऱ्यानेच वाचतो. एरवी चालून जातं. पण मे महिन्यात चाकरमान्यांची रांग लागली की फोकस जुळवता जुळवता घाम फुटतो, त्यात मध्येच कोणाचा फोन आला की बिल तिथेच लटकतं. म्हणून गणपतीआधी खिशात मावेल असा ब्लूटूथ स्कॅनर घ्यायचं ठरवलंय. माझं मत ठाम आहे: घ्यायचा तर टूडी, म्हणजे क्यूआरसुद्धा वाचणारा. स्वस्तातला, फक्त उभ्या रेघा वाचणारा लेझर घेऊन नंतर हळहळत बसायचं नाही. कोणाचं वेगळं मत असेल तर बोला.

उगाच_खर्च_कशाला
वेगळंच आहे. दिवसाला बिलं किती होतात तुमची? तीस-चाळीस? त्यासाठी आणखी एक चार्जर, आणखी एक बॅटरी सांभाळायची? फोन स्टँडवर ठेवा, टॉर्च लावा आणि पुडा फोनसमोर धरा. लोक उलटं करतात, फोन घेऊन पुड्याच्या मागे धावतात, मग फोकस कसा बसणार?

आणि टूडी कशाला? बिस्किटापासून साबणापर्यंत सगळ्यावर ईएएन-१३ असतो, उभ्या रेघा आणि खाली तेरा आकडे. त्याला साधा लेझर पुरतो. ‘यूपीआयसाठी टूडी लागतो’ असं मला एका विक्रेत्याने सांगितलं होतं. अहो, आपल्या गल्ल्यावरचा क्यूआर गिऱ्हाईक स्कॅन करतं, आपण कुठे करतो?

आमसूल
यूपीआयचं मान्य, ते माझ्या डोक्यातही नव्हतं. पण मला घरच्या मालावर क्यूआर लावायचाय, आगळ कोणत्या घाण्याचं, कधी भरलं ते कळायला. शिवाय मुंबईची मंडळी आधी ऑर्डर देतात आणि इथे आल्यावर फोनवर कोड दाखवतात. लेझरचा किरण कागदावरून परत येतो तसा फोनच्या काचेवरून येत नाही, त्यामुळे स्क्रीनवरचा कोड तो वाचत नाही. टूडीवाला फोटो काढतो, म्हणून वाचतो.

मेडिकलवाला_चिपळूण
आमच्या धंद्यात तर हा वादच संपलाय. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. त्यात बॅच नंबर असतो, मुदत संपायची तारीख असते. लेझरवाला या चौकोनी कोडापुढे आंधळा.

मोबाईलवर का आलो तेही सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली तेव्हा काउंटरचा कॉम्प्युटर, प्रिंटर, वायरवाला स्कॅनर सगळं चिखलात गेलं. आता फोन आणि स्कॅनर एका पिशवीत असतात. पाणी चढतंय म्हटलं की पिशवी उचलायची आणि माडीवर जायचं. ‘खर्च कशाला’ विचारणाऱ्यांनी एकदा नुकसानीचा पंचनामा करून बघावा.

उगाच_खर्च_कशाला
पुराचं दुःख कळतं हो. पण फोनचा कॅमेरा फोनसोबतच माडीवर जातो की! हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला.

मेडिकलवाला_चिपळूण
😄 बरं, हा एक घ्या तुमच्या खात्यात.

जांभाचिरा
टूडी की लेझर यावर एवढं भांडताय, पण मोबाईलसाठी घेताना खरी अडचण जोडणीची असते. बहुतेक ब्लूटूथ स्कॅनर एचआयडी पद्धतीने जोडले जातात, म्हणजे फोनला वाटतं कीबोर्ड आलाय. कोणत्याही ॲपमध्ये चालतो, हा फायदा. तोटा असा की कर्सर जिथे, तिथे आकडे पडणार. माझ्या पुतण्याचा कर्सर किमतीच्या रकान्यात होता. तेलाच्या पिशवीची किंमत आठ लाख नव्वद हजार कोटी! गिऱ्हाईक म्हणालं, सुटे नाहीत.

दुसरं, एचआयडीवर जोडला की स्क्रीनवरचा कीबोर्ड गायब होतो. लोकांना वाटतं फोन बिघडला. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये तो चालू ठेवायची सोय असते. आयफोनसाठी स्कॅनरच्या बटणाचीच काहीतरी युक्ती असते, ती माहितीपत्रकात बघून घ्या. एसपीपी नावाची दुसरी पद्धत आहे, पण ती साध्या स्कॅनरवर आयफोनला चालत नाही आणि अँड्रॉइडवरही ॲपची साथ लागते.

आणि ‘दहा मीटर रेंज’ मोकळ्या अंगणात. आमचं गोदाम चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे आहे, तिथे दोन पावलं आत गेलं की जोडणी तुटते. म्हणून आतली साठवण असलेला घ्या. तुटलं तरी कोड त्याच्या पोटात राहतात, बाहेर आल्यावर फोनमध्ये उतरवायचे. ही सोय नसेल तर माझ्या मते तो घेऊच नये, मग टूडी असो नाहीतर आणखी काही.

पेटीमागे_पेटी
आम्ही देवगडला, हापूसच्या पेट्या. मला ब्लूटूथच नको. ओटीजीची वायर लावा, म्हणजे स्कॅनर थेट फोनला जोडणारी, टाईप-सी पिन खोचा, काम सुरू. जोडणी शोधत बसायला नको, वेगळी बॅटरी नको. हंगामात पहाटे चारला गाडी भरताना ‘पेअर होत नाही’ हे ऐकायला वेळ कोणाला आहे?

जांभाचिरा
आणि फोन चार्ज कुठून करणार? वायरवाला स्कॅनर फोनचीच बॅटरी खातो आणि चार्जिंगचं भोकही अडवतो. पहाटे चारचा फोन आठला मान टाकेल.

पेटीमागे_पेटी
टाकतो. खोटं कशाला बोलू. पॉवर बँकेतून चार्जिंग होईल असा फाटा असलेली वायर घेतली, तेव्हा सुटला प्रश्न.

पण दोन गोष्टी कोणी बोललं नाही. एक, खारी हवा. खोक्यावर आयपी-६५ असा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा लिहिलेला असतो म्हणून हुरळू नका. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. मिठाचा त्यात हिशेब नाही. आमच्या आधीच्या ब्लूटूथवाल्याच्या चार्जिंगच्या पिना दोन पावसाळ्यांत हिरव्या पडल्या. रबरी बूच असलेला बघा आणि रात्री डब्यात ठेवा.

दुसरी गोष्ट लेबलची. स्कॅनरला शिव्या घालण्याआधी लेबल बघा. साधं थर्मल लेबल, ज्याला शाईची रिबन लागत नाही, ते उन्हाने आणि उष्णतेने उडतं. पेटी उन्हात राहिली की रेघा फिक्या. आम्ही रिबनवर छापायला लागलो आणि जुना स्कॅनर अचानक हुशार झाला.

केवड्याचं_बन
मी सगळं वाचलं. आमचे आजोबा विचारतत, “आगळाच्या बाटल्येक आकडो कित्याक? वास घे, कळतला.” 🙏

विनोद सोडा, माझा साधा प्रश्न. घरच्या मालाला बारकोड नेटवर फुकट बनवून मिळतो. ८९० ने सुरू केला की भारतीय दिसेल ना?

जांभाचिरा
अजिबात करू नका. ८९० म्हणजे तो नंबर जीएसवन इंडियाकडे, म्हणजे बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेल्या कंपनीचा. माल भारतातच बनला असंही त्याने ठरत नाही. मनाने लिहिलात तर दुसऱ्याच कोणाच्या शांपूचा नंबर तुमच्या आगळावर यायचा. फक्त आपल्याच दुकानात वापरायचा असेल तर २ ने सुरू होणारे नंबर त्यासाठीच मोकळे ठेवलेत. तेरावा आकडा मात्र मनाचा नसतो, आधीच्या बारांवरून हिशेबाने निघतो. तो चुकला की स्कॅनर कोड घेतच नाही, त्यामुळे स्वस्त स्कॅनर चुकीचे नंबर वाचतात ही भीती ईएएनपुरती तरी फुकटची आहे.

आमसूल
चार दिवसांनी परत आलो. मेव्हण्याचा टूडी ब्लूटूथ स्कॅनर मागून आणला आणि दुकानात फिरवला. पुडे, डबे पटापट. फोनवरचे कोडही. अडला तो आमच्याच आगळाच्या छोट्या बाटलीवर. लेबल गोलाईवर वळतं आणि कडेच्या रेघा मागे जातात. लेबल आडवं फिरवून लावलं, म्हणजे रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक आल्या, तेव्हा झटक्यात वाचला.

टूडीच घेतोय. पण आतल्या साठवणीचा आणि रबरी बुचाचा मुद्दा यादीत सगळ्यात वर गेलाय, ते तुमच्यामुळे.

उगाच_खर्च_कशाला
आडव्या लेबलवर कॅमेऱ्याने करून बघितलंत का?

आमसूल
बघितलं. तोही वाचतो. गणपतीत रांगेत उभे राहून सांगा मला हे.