मदत हवी आहे: केळीच्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप, विंडोज ११ टाकू, लिनक्स टाकू की आहे तसाच ठेवू?

रावेर तालुक्यात आमच्या काकांचं केळी भरणीचं ऑफिस आहे. तिथल्या कॉम्प्युटरचं करायचं काय, ते ठरत नाहीये. घरात त्यातलं कळणारा मीच, म्हणून माझ्या गळ्यात.

मशीन असं: चौथ्या पिढीचा आय३, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १० प्रो. सुरू व्हायला इतका वेळ लागतो की काका बटण दाबून आधी चहा सांगून येतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इथे दोन्हींच्या नावाने शंख.

गावातला एक दुकानदार म्हणतो, "अकरा टाकून देतो, ऑफिससकट, लाइफटाइम." लायसन्सचं विचारलं की हसतो.

विंडोज मी पेनड्राइव्हवरून स्वतः टाकू शकतो, त्याचं काही नाही. भीती आहे ती भोवतालच्या गोतावळ्याची. शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि गाड्यांचा हिशोब टॅलीत आहे. जुनी पत्रं, कोऱ्या पट्टीचा नमुना, गावांच्या याद्या श्री-लिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), तीही डोंगलवाली, म्हणजे किल्लीसारखं छोटं यंत्र जोडलं तरच चालणारी. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००. शिवाय काकांच्या डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. बाहेर गाडी भरून उभी, बऱ्हाणपूरचा भाव फोनवर आलेला, आणि इथे प्रिंटर ड्रायव्हर मागतोय, हे मला नको आहे.

अजून एक. लाईट गेली की तारीख मागे २०१४ वर जाते आणि मग बँकेची साईट उघडत नाही. हा विंडोजचाच आजार का? फॉरमॅट मारल्याने जाईल का?

भुसावळकर:
तारखेचा विंडोजशी काही संबंध नाही. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय, घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. साईटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरच्या हिशोबाने २०१४ चालू असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटंच वाटणार. फॉरमॅट मारून काही होणार नाही. सेल बदला, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख घाला, विषय संपला.

लिनक्स मला आवडतं. त्यातल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, घरच्या मशीनला डोळे झाकून टाका. पण या ऑफिसात नको. टॅली आणि श्री-लिपी दोन्ही विंडोजची, आणि त्या प्रिंटरचा लिनक्सवरचा कॅप्ट ड्रायव्हर बसवणं म्हणजे सुट्टीच्या दिवशीचं काम, भरणीच्या दिवशीचं नाही.

तापीकाठ:
त्या "लाइफटाइम"वाल्याला नम्रपणे नमस्कार करा. ॲक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्राम) चालवायला ही मंडळी आधी डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटीव्हायरस, बंद करायला लावतात. ज्या मशीनवर बँक आणि सही आहे तिथे दार उघडं ठेवून झोपण्यासारखं आहे हे.

रुफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमची अट काढता येते आणि चौथ्या पिढीवर अकरा चढतेही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, पुन्हा तुम्हीच पेनड्राइव्ह घेऊन बसायचं. शिवाय अकरामधलं मेमरी इंटेग्रिटी हे सुरक्षेचं सेटिंग चालू असेल तर जुने ड्रायव्हर अडवू शकतं. तुमच्या डोंगलचा ड्रायव्हर कधीचा आहे ते बघा म्हणजे कळेल.

रावेरचा पुतण्या (धागाकर्ता):
डोंगलचा ड्रायव्हर पाहिला, बराच जुना आहे. मग दहावरच राहून सपोर्ट संपल्यानंतरचे ते जादा अपडेट घ्यायचे का? कुणीतरी म्हणालं फुकट मिळतात.

तापीकाठ:
फुकटवाली योजना घरगुती मशीनसाठी. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग सिंक केलं की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात, विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी. धंद्यासाठीची वेगळी: तीन वर्षांपर्यंत मिळते, पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. चौथ्या पिढीच्या आय३वर एवढा खर्च मी तरी करणार नाही.

माझं ऐका भाऊ, जुन्या मशीनवर काहीच इन्स्टॉल करू नका. कामं वाटून टाका. आठव्या पिढीचा वापरलेला डेस्कटॉप घ्या, त्यावर लायसन्सची अकरा. टॅली, सहीचं टोकन, बँक, सगळं नेटचं काम तिकडे. प्रिंटरही तिकडेच जोडा, त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर अकरावर चालतो. जुन्या मशीनची नेटची वायर काढा आणि ते फक्त श्री-लिपीसाठी ठेवा. टॅली हलवण्याआधी जुन्या मशीनवरून त्याचं लायसन्स सरेंडर करायचं (परत सोडायचं), नाहीतर नव्यावर चालू करताना अडकाल.

भुसावळकर:
याला अनुमोदन. फक्त जुनी हार्ड डिस्क आहे तशी ठेवू नका. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने तिची तब्येत बघा. पिवळं दिसलं तर क्लोनच्या (अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल करण्याच्या) भानगडीत न पडता पहिल्यांदा टॅलीचा डेटा आणि श्री-लिपीच्या फाईली फॉन्टसकट दुसरीकडे उतरवा. निळं असेल तर एसएसडीवर, म्हणजे नव्या वेगवान डिस्कवर, जसंच्या तसं क्लोन करा, डोंगलला काही फरक पडणार नाही. एच८१ वर डिस्क जोडायचे ६ जीबीपीएसचे वेगवान साटा पोर्ट दोनच असतात, एसएसडी त्यातल्या एकाला लावा. आणि क्लोन इन्व्हर्टर चालू असताना करा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी लाईटचा भरवसा नाही.

रावेरचा पुतण्या (धागाकर्ता):
सेल आज टाकला, तारीख टिकली. डिस्क निळी आहे. काकांना दोन मशीनची कल्पना पटली, कारण वायर काढलेल्या मशीनवर पोरं यूट्यूब लावू शकणार नाहीत! शेवटचं विचारतो, जळगावहून एसएसडी आणणारच आहे, तर जुन्या मशीनला अजून ४ जीबी रॅम घ्यावी का? नवी डीडीआर३ सहज मिळत नाही म्हणे.

तापीकाठ:
नुसत्या श्री-लिपीला ४ जीबी पुष्कळ. ते पैसे नव्या मशीनच्या रॅमला लावा, तिथे डीडीआर४ लागेल. डेस्कटॉपची लांब कांडी मागून घ्या, लॅपटॉपची आखूड नको.