शब्दचर्चा : दाढीचा ब्रश मऊ, नरम की मुलायम?

विचारणा (उदगीर)

वडिलांसाठी बॅजर नावाच्या रानटी प्राण्याच्या केसांचा दाढीचा ब्रश घ्यायचा विचार आहे. वयामुळं त्यांची कातडी पातळ झाली आहे आणि जुना नायलॉनचा ब्रश आता टोचतो. विकणारे सगळ्याच ब्रशांना 'सॉफ्ट' म्हणतात. आमच्या गावचे वारीक काका मात्र म्हणाले, "मऊ घ्या, पण नरम घेऊ नका. नरम ब्रशानं फेस चढत न्हाई." घरात आम्ही दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो. काकांना नेमका कोणता फरक सांगायचा असेल? मुलायम, राठ, खरखरीत हे शब्दही ब्रशाला कसे लावावेत?

उत्तर (नांदेड)

माझ्या मते फरक नाही. मऊ हा 'मृदू'पासून प्राकृतातून आलेला, नरम फारसीतून. आपल्याकडं १९४८ पर्यंत निजामी राजवट होती, त्यामुळं दोन्ही शब्द शेजारी राहिले. आमची आजी ताज्या भाकरीलासुद्धा नरमच म्हणायची.

उत्तर (परभणी)

दादांनी दिलेला उगम बरोबर आहे, पण वापरात या शब्दांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत, आणि वारीक काका तोच फरक सांगत आहेत. (वारीक म्हणजे न्हावी, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. सेना महाराजांच्या अभंगातही हाच शब्द आहे.)

शब्दासोबत क्रियापद कोणतं येतं ते बघा. मऊ 'लागतं', नरम 'पडतं'. मोंढ्यात सोयाबीनचा भाव नरम पडतो, तावातावानं भांडणारा माणूस नरम पडतो, उघडा राहिलेला चिवडा नरम पडतो, आजाऱ्याची तब्येत नरम असते. सगळीकडं ताठा किंवा जोर उतरलेला आहे. भाव मऊ पडला असं लातूरच्या आडतीवर कोणी म्हणणार नाही. मऊपणा हाताला, गालाला, जिभेला कळतो. उशी मऊ, भात मऊ. आजीच्या भाकरीला दोन्ही शब्द चालतात, कारण ताजी भाकर हाताला मऊ लागते आणि घडीही घालू देते.

दाढीच्या ब्रशात हे दोन गुण दोन वेगळ्या जागी असतात. गालाला लागतात ती केसांची टोकं. बॅजरच्या केसाचं टोक जन्मतःच निमुळतं असतं. चांगला कारागीर झुपका बांधताना टोकांकडून आकार जुळवून घेतो आणि जास्तीची लांबी बुडाकडून कापतो, शेंड्यांना कात्री लावत नाही. शेंडे कातरून गोल केलेल्या ब्रशात प्रत्येक केसाचा कापलेला काठ गालावर येतो. असा ब्रश कितीही भिजवा, बोचतोच. म्हणून मऊ हा शब्द शेंड्यांसाठी ठेवावा.

नरम हा शब्द मधल्या भागासाठी. ब्रश गालावर दाबला की केस वाकतात, हात सैल केला की उसळून सरळ होतात. उसळी कमी असेल तो ब्रश नरम. तो साबणाच्या वडीवरून नुसता घसरतो, गालावर पसरून लोळतो, आणि पाणी, साबण, हवा यांचं घोळणं नीट होत नाही. काकांचं "फेस चढत न्हाई" ते हेच. ही उसळी केसाच्या जाडीवर, झुपक्याच्या दाटीवर आणि मुठीच्या वर केस किती उंच ठेवलेत त्यावर ठरते. २४ मिलिमीटर व्यासाचा झुपका ५० मिलिमीटर उंच ठेवला तर तो जोरकस राहील; तोच केस, तीच दाटी ठेवून उंची ५५ केली की नरम पडेल. विकणारे हे दोन्ही आकडे बहुतेक वेळा देतात. 'सॉफ्ट' या शब्दापेक्षा माझा भरवसा त्यांच्यावर जास्त आहे.

मुलायम हा शब्द वरवर हात फिरवल्यावर सुचतो. दुकानात कोरडा ब्रश तळहातावर फिरवून आपण "काय मुलायम आहे" म्हणतो, पण त्या परीक्षेला फारसा अर्थ नाही. ब्रश वापरायचा तो ओला, आणि ओल्या केसांचा स्पर्श वेगळाच निघतो.

राठ, खरखरीत आणि बोचरा यांत मी असा फरक करतो. राठपणा केसाच्या अंगचा असतो, केसच जाड. खरखरीत हे घासताना कळतं. बोचरा म्हणजे टोक टोचतं. यातला खरखरीतपणा दोष असेलच असं नाही. दाढीचे केस खुंटासारखे असलेल्या कित्येकांना हनुवटीखाली जरा खरखर लागते, केस उभे राहतात आणि पातं नीट चालतं. बोचरा ब्रश मात्र कोणालाच नको.

प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप या प्रतींच्या नावांबद्दल एवढंच, की त्यांचं सर्वमान्य प्रमाण नाही. साधारणपणे प्युअर म्हणजे गडद आणि राठ केस, सिल्व्हरटिप म्हणजे लांब पांढऱ्या शेंड्यांचा सर्वांत मऊ केस. पण एकाचा 'बेस्ट' दुसऱ्याच्या 'सुपर'पेक्षा मऊ असू शकतो. साधा केस ब्लीच करूनही शेंडे पांढरे करता येतात, त्यामुळं नुसत्या रंगावर जाऊ नये.

उत्तर (नांदेड)

पटलं, पण एक शंका. 'मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये' या म्हणीत मऊ म्हणजे प्रतिकार न करणारं, म्हणजे तुमचं नरमच झालं की.

उत्तर (परभणी)

चांगली हरकत. म्हणीतला मऊपणा माणसाच्या स्वभावावर गेला आहे, तिथं दोन्ही अर्थ एकमेकांजवळ येतात हे मान्य. तरी म्हणीतसुद्धा 'लागलं' आहे, 'पडलं' नाही. मुळात मऊ असलेल्याला मऊ म्हटलंय. आधी ताठ असून मग ढिला झालेल्याला नाही. ब्रशापुरता मी माझा भेद ठेवतो.

उत्तर (अंबाजोगाई)

बॅजरला बिज्जू म्हणावं का? हिंदीत तसं लिहिलेलं दिसतं.

उत्तर (परभणी)

ताई, इथं नको. बिज्जू म्हटलं की आपल्याकडचा रॅटल डोळ्यांसमोर येतो, ज्याला मराठीत चांदी अस्वल असंही म्हणतात. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ब्रशाचा केस त्याचा नसतो. ब्रशाला लागणारा केस वेगळ्या प्रजातीच्या बॅजरचा असतो आणि तो मुख्यतः चीनमधून येतो. बिज्जू लिहिलं तर दोन प्राण्यांची गल्लत होईल. बॅजरच राहू द्यावं.

विचारणा (उदगीर)

खूप आभार, परभणीकर काका. अजून दोन गोष्टी. आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, त्यात डाळ शिजत नाही न् साबणाला फेस येत नाही. आणि वडील माळकरी आहेत. हा केस जनावर मारून मिळतो का? तसं असेल तर ते हात लावणार नाहीत.

उत्तर (परभणी)

दुसरं आधी. हो, बॅजरचा केस मारलेल्या जनावराचाच असतो. मेंढीच्या लोकरीसारखा जिवंतपणी कातरून घेत नाहीत. वडिलांना हे ब्रश घेण्याआधी सांगा, नंतर कळलं तर त्यांच्या जिवाला लागेल. डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त मिळतो, पण तुमच्या घरी तोही चालणार नाही.

मग उरतो कृत्रिम धाग्याचा ब्रश, आणि तुमच्या बाबतीत मला तोच योग्य वाटतो. जुन्या नायलॉनच्या ब्रशात धागा जाड आणि टोक कापलेलं असायचं, म्हणून तो टोचायचा. आता बारीक, टोकाकडं निमुळता होत जाणारा धागा मिळतो आणि गालाला तो खरोखर मऊ लागतो. त्यात उसळी उलट जास्तच असते, कधी कधी फेस उडतो. म्हणून आखूड झुपक्यापेक्षा जरा उंच घ्यावा, मुद्दाम थोडा नरम. काकांनी नको म्हटलेला गुण इथं उपयोगी पडेल. हे त्यांनाही सांगा, त्यांचं मत मला वाचायला आवडेल.

आता पाणी. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा चोथा तयार करतात. फेस बसतो तो त्यामुळं, आणि तोच चोथा झुपक्याच्या बुडाशी साचला की मऊ ब्रशही राठ होतो. दाढीपुरतं तांब्याभर पावसाचं किंवा आरओचं पाणी घेतलं तरी भागतं. ब्रश चिकट किंवा राठ वाटायला लागला, तर कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून झुपका काही मिनिटं बुडवावा, साध्या पाण्यानं धुवावा, झटकून उघड्यावर वाळवावा. उकळतं पाणी वापरू नये, बुडाशी केस धरून ठेवणारा गोंद सुटतो आणि धागाही वाकडा होतो.

विचारणा (उदगीर)

वडिलांना विचारलं. कृत्रिमच घ्यायचं ठरलं. झुपका २४ चा, उंची ५५ ची बघतो आहे. काकांनाही तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "शेंडा मऊ आन् बूड दमदार, एवढंच बघून घ्या."