मदत हवी आहे: ईबी या कातडीच्या आजारामुळे लेकीची बोटं जुळलीत, परवडेल अशी हाताची सर्जरी कुठे होईल? (इंदूर)

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय, सुदामानगरला राहतो आम्ही. पोस्ट लांब होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही, म्हणून प्लीज पूर्ण वाचा.

मुलगी साडेदहा वर्षांची, पाचवीत आहे. जन्मापासून तिला एपिडर्मोलायसिस बुलोसा आहे, ईबी म्हणतात, तिचा प्रकार रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिक. वरचं कातडं खालच्या थराला धरून ठेवणारं कोलॅजन सात हे प्रथिन तिच्या अंगात नीट बनतच नाही, त्यामुळे जरा घासलं की फोड, नाहीतर सालच निघते. संसर्गजन्य नाही, हे आधीच लिहिते कारण सिटी बसमध्ये बायका आपली मुलं जवळ ओढून घेतात आणि ती ते बघते. हे माझे सख्खे आतेभाऊ, आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत आहे. दोघांतही तोच एक बिघडलेला जीन, आम्हाला स्वतःला काही त्रास नाही, पण प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता. त्यावर कृपा करून कुणी बोलू नका, घरात दहा वर्षं ऐकतेच आहे.

आता हातांचं. चार वर्षांची होईपर्यंत बोटं सुटी होती. फोड बरे होता होता बेचक्यात कातडं चिकटत गेलं, रोज रात्री एकेका बोटामध्ये व्हॅसलीन गॉजची पट्टी घालायचे मी, तरीसुद्धा. आता उजव्या हाताची चारही बोटं एका पातळ पिशवीत घातल्यासारखी आत वळलीत आणि अंगठा तळव्याला चिकटलाय. डावा अंगठा अजून थोडा हलतो. पेन ती दोन्ही मनगटांच्या मध्ये दाबून धरते आणि तरी अक्षर असं काढते की बाई वही वर्गात दाखवतात. गेल्या रविवारी पोह्यांवर जिरावण मसाला आपल्याच हाताने घालायचं म्हणून डबी दोन तळव्यांत धरली, ती सटकली, सगळं ताटात. रडली नाही. म्हणाली, आई, मला फक्त अंगठा करून दे ना, बाकीची बोटं राहू देत.

इथे एका प्रायव्हेट हॉस्पिटलात दोन्ही हातांचे साडेचार लाख सांगितले. ह्यांचं रेडिमेडच्या कारखान्यात कटिंगचं काम आहे, कुठून आणणार. आयुष्मान कार्ड आहे, पण काउंटरवर म्हणाले पॅकेज जळून आखडलेल्या हाताचं आहे आणि हिला जळालेलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी रक्त चढवताना मी सांगत असूनही चिकटपट्टी लावली आणि काढताना ओढली, रुपयाएवढं कातडं पट्टीबरोबर आलं, त्यामुळे ऑपरेशन म्हटलं की सर्जनच्या आधी मला त्या पट्टीचीच भीती वाटते. अमेरिकेत २०२३ मध्ये जीन थेरपीचं जेल मंजूर झालंय हे वाचलंय, पण ते आपल्या आवाक्यातलं नाही आणि त्याने जुळलेली बोटं सुटत नाहीत, तेव्हा त्याची लिंक पाठवू नका.

मला एवढंच हवंय की आयुष्मानवर ईबीच्या मुलाच्या हाताची सर्जरी मंजूर झालेलं कुणी आहे का, कुठे झाली, आणि बोटं परत जुळतात म्हणतात तर एवढ्या लहान जिवाला त्या त्रासात घालावं का. आता करू की थोडी मोठी झाल्यावर?

प्रतिसाद:
ताई, मी बडोद्याला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, अशा दोन मुलांचे स्प्लिंट, म्हणजे बोटं सरळ धरून ठेवणारे साचे, केलेत. स्पष्टच सांगते, बोटं परत जुळतात, बहुतेकांची दोन ते पाच वर्षांत. पण तेवढी वर्षं पेन धरायला, बटण लावायला मिळतात, आणि फार थांबलं तर आतले सांधे आणि शिरा आखडून बसतात, मग काम अवघड होतं. तुमची लेक बरोबर बोलली, अंगठा सुटला की अर्धा हात परत येतो. एका वेळी एकच हात करा म्हणजे दुसऱ्याने तिचं चालेल. वरची पिशवी सोलून बोटं सुटी करतात, वळलेली सरळ ठेवायला बारीक तारा घालतात, उघडं राहील तिथे ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडचं कातडं लावतात. खरं काम नंतर, रात्रीचा स्प्लिंट महिनोन्‌महिने. तो सुटला की सर्जरी वाया.

आधी हिमोग्लोबिन बघा, ह्या मुलांचं कमीच असतं. भूलतज्ज्ञांना एक दिवस आधी भेटा, तोंड किती उघडतं ते दाखवा आणि कागदावर लिहून द्या: चिकटपट्टी नाही, सलाईन साध्या बँडेजने बांधा, मास्कखाली व्हॅसलीन. आयुष्मान दुसऱ्या राज्यातल्या यादीतल्या हॉस्पिटलातही चालतं, वर्षाला कुटुंबाला ५ लाख, तेव्हा इंदूरवर अडून बसू नका. कोइम्बतूरचं गंगा हॉस्पिटल हाताच्या सर्जरीसाठी नावाजलेलं आहे, मुंबईत केईएम, सायनला प्लास्टिक सर्जरी आहे, तिन्हीकडे फोटो आणि रिपोर्ट घेऊन विचारा. पॅकेजसाठी सर्जनकडूनच लिहून घ्या की हात आखडलाय आणि तो सोडवायचाय. आणि महिनोन्‌महिने न भरणारी एखादी जखम असेल तर स्किनच्या डॉक्टरांना नक्की दाखवा, ह्या प्रकारात पुढे कातडीच्या कॅन्सरचा धोका असतो.

धागाकर्ती:
ताई, खूप खूप आभार, दोनदा वाचलं, ह्यांनाही वाचून दाखवलं. हिमोग्लोबिन मागच्या महिन्यात ७.८ होतं, म्हणजे आधी तेच वाढवावं लागेल. उजवा हात आधी करायचं ठरवतोय, परीक्षा झाली की. अजून एक विचारायचं राहिलं, स्प्लिंटच्या आतून घासून फोड आले तर मध्ये काय घालायचं? आणि त्याचं माप ड्रेसिंगवरून घेतात की ड्रेसिंग काढून? कारण आमच्याकडे ड्रेसिंग काढायलाच रोज कोमट पाण्यात हात ठेवून पाऊण तास लागतो.